होमी भाभांचा पॉझिट्रॉन आणि मामांचा पेट स्कॅन

मागच्या हिवाळ्यात आम्ही मामांना पेट स्कॅनसाठी श्रीरामपूरहून पुण्याला नेलं. मामा साखर कारखान्यात फिटर होते. पाने, बेअरिंग, पंप यांत आयुष्य गेलेला माणूस. दीडेक वर्षापूर्वी त्यांना शर्टाचं बटण लावायला त्रास व्हायला लागला. मग चहाचा कप उचलताना हात लटपटू लागला, पंजा बारीक दिसू लागला, बोलणं थोडं जड झालं. बऱ्याच तपासण्या झाल्यावर न्यूरॉलॉजिस्टनी आजाराचं नाव सांगितलं: मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी. स्टीफन हॉकिंग यांना होता तोच.

स्कॅनच्या आधी एक कागद भरून घेतात. त्यात लिहिलं होतं की शिरेतून रेडिओॲक्टिव्ह ग्लुकोज दिलं जाईल. मामी घाबरल्या. अणुबॉम्बमधलं काहीतरी अंगात सोडणार आहेत का, असं त्यांनी मला विचारलं. घरात मी एकटीच इंजिनिअर, त्यामुळे उत्तर माझ्याकडे असणारच, असं सगळ्यांनी धरलेलं. पण मी सॉफ्टवेअरवाली. मला काहीच माहीत नव्हतं.

मामा आत असताना मी बाहेरच्या बाकावर बसून फोनवर वाचत गेले. पेट या शब्दातला पहिला शब्द पॉझिट्रॉन. पॉझिट्रॉनच्या मागे लागले तर थेट केंब्रिजला पोचले आणि तिथे भेटला मुंबईचा एक पंचविशीतला मुलगा. त्याचं नाव होमी जहांगीर भाभा.

भाभा म्हटलं की आपल्याला अणुभट्टी आठवते, नाहीतर 'रॉकेट बॉइज' ही वेब सिरीज. मामांच्या स्कॅनशी त्यांचं नातं दोन बाजूंनी आहे, हे मला त्या बाकावर कळलं. आज तीच गोष्ट सांगते. (मामांबद्दल लिहायची परवानगी त्यांच्याकडूनच घेतली आहे.)

मेकॅनिकलला पाठवलेला मुलगा

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. वडील जहांगीर भाभा वकील. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. म्हणजे जमशेदपूरचा पोलाद कारखाना ज्या घराण्याचा, ते घर नात्यातलंच.

शाळा कॅथेड्रल अँड जॉन कॉनन, कॉलेज एल्फिन्स्टन, मग रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. घरात पुस्तकं भरपूर आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डही. होमी चित्रंही उत्तम काढायचे. पुढे आयुष्यभर ही दोन्ही वेडं त्यांनी सोडली नाहीत.

१९२७ मध्ये त्यांना केंब्रिजला पाठवलं, मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायला. घरच्यांचा प्लॅन साधा होता: मुलगा डिग्री घेऊन येईल आणि टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करेल. आपल्याकडे आजही असाच प्लॅन असतो, फक्त कारखान्याच्या जागी आयटी कंपनी आलीय.

पण केंब्रिजला त्या वेळी फिजिक्समध्ये अक्षरशः उलथापालथ चालू होती. पॉल डिरॅक तिथेच शिकवत होते, कॅव्हेंडिश लॅबोरेटरीत रदरफर्ड होते. होमींनी वडिलांना कळवलं की आपला जीव इंजिनिअरिंगमध्ये रमत नाही, फिजिक्सच करायचंय. वडिलांनी अट घातली. आधी मेकॅनिकलची परीक्षा फर्स्ट क्लासमध्ये पास हो, मग गणितासाठी आणखी राहायचा खर्च मी देतो. १९३० मध्ये होमींनी फर्स्ट क्लास आणला आणि वडिलांनी शब्द पाळला. पुढची दोन वर्षं गणित आणि मग फिजिक्समध्ये संशोधन.

पॉझिट्रॉन म्हणजे काय?

इथे दोन मिनिटं थांबून हे समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

अणूत ऋण भार असलेला इलेक्ट्रॉन असतो, हे दहावीपर्यंत आपण शिकतो. १९२८ मध्ये डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनचं एक समीकरण मांडलं. त्या समीकरणातून एक विचित्र गोष्ट बाहेर येत होती: इलेक्ट्रॉनएवढ्याच वजनाचा, पण धन भार असलेला कण असायला हवा. तोपर्यंत असा कण कुणी पाहिला नव्हता.

१९३२ मध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना अवकाशातून येणाऱ्या किरणांच्या फोटोत तो सापडला. लगेच पुढच्या वर्षी केंब्रिजच्या कॅव्हेंडिशमध्ये ब्लॅकेट आणि ओक्यालिनी यांनीही तो पक्का केला. हाच पॉझिट्रॉन.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकत्र आले की दोघंही संपतात. त्यांचं वजन पूर्णपणे ऊर्जेत बदलतं आणि दोन गॅमा किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला सुटतात. एक डावीकडे गेला तर दुसरा बरोबर उजवीकडे. ही विरुद्ध दिशा लक्षात ठेवा, पुढे हीच कामाला येणार आहे.

भाभांनी नेमकं काय केलं?

पॉझिट्रॉन सापडला तेव्हा भाभा त्याच केंब्रिजमध्ये होते. वय तेवीस-चोवीस. त्यांनी प्रश्न घेतला तो असा: पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनवर आदळला आणि दोघं संपले नाहीत, नुसते धडकून बाजूला झाले, तर कोणत्या कोनात किती वेळा जातील?

सोपं उत्तर म्हणजे कॅरमच्या सोंगट्यांसारखी टक्कर. भाभांनी दाखवलं की एवढ्यावर भागत नाही. मधल्या क्षणी ही जोडी नाहीशी होऊन परत नवी जोडी तयार होण्याची शक्यताही हिशोबात धरावी लागते आणि ती धरली की आकडा बदलतो. १९३५-३६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. आज जगभर त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात. पुढे युरोपातल्या सर्नसारख्या ठिकाणी कणांच्या टकरी किती होतायत हे मोजायला हाच हिशोब वापरला गेला.

पेट स्कॅनमध्येही हा हिशोब आहे. शरीरात सुटलेला पॉझिट्रॉन लगेच संपत नाही. आसपासच्या इलेक्ट्रॉनवर धडकत धडकत तो मंद होतो, मिलिमीटरभर इकडेतिकडे जातो आणि मग संपतो. त्या धडकांचं गणित भाभांचं. पेट मशीन डिझाइन करणारे लोक कॉम्प्युटरवर आधी त्याचं सिम्युलेशन करतात आणि त्यासाठी जीअँट-४ नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सर्रास वापरतात. त्याच्या कोडमध्ये पॉझिट्रॉनच्या धडकांसाठी जो क्लास आहे, त्याच्या नावातच मोलर आणि भाभा ही दोन नावं आहेत. मी फोनवर तो सोर्स कोड उघडून पाहिला. तो स्क्रीनशॉट अजून माझ्याकडे आहे.

१९३५ मध्ये कुणी विचारलं असतं, या हिशोबाचा उपयोग काय, तर खरं उत्तर एवढंच होतं की सध्या काहीच नाही.

सुट्टीला आले आणि राहिले

१९३७ मध्ये भाभांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर आणखी एक मोठं काम केलं. अवकाशातून आलेला एकच कण हवेत शिरून हजारो कणांचा पाऊस कसा पाडतो, याची ती थिअरी होती. युरोपात त्यांचं नाव झालं होतं. पाउली, फर्मी, बोर अशा लोकांकडे जाऊन आले होते.

१९३९ मध्ये ते सुट्टीला म्हणून भारतात आले. सप्टेंबरात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परत जाणं राहिलं. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन होते, तिथे भाभा रुजू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

युद्ध संपल्यावर युरोपात त्यांना कुठेही जागा मिळाली असती. पण मार्च १९४४ मध्येच त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मुंबईत मूलभूत संशोधनाची संस्था काढायचा प्रस्ताव दिला होता. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की पुढे देशात अणुऊर्जेचं काम सुरू होईल तेव्हा तज्ज्ञ माणसं बाहेरून आणावी लागू नयेत, ती इथेच तयार असावीत.

१ जून १९४५ ला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, बंगळुरूत सुरू झाली. त्याच वर्षाअखेर ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. मग गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये, शेवटी कुलाब्याला समुद्राकाठी. तिथल्या बागा आणि भिंतींवरची चित्रं यांतही भाभांनी स्वतः लक्ष घातलं होतं.

आपल्या फोनच्या पिढीसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतात डिझाइन करून बांधलेला पहिला डिजिटल कॉम्प्युटर, टिफ्रॅक, याच टीआयएफआरमध्ये १९६० मध्ये सुरू झाला.

आणि एक माणूस. एस. एस. धर्मट्टी. १९५१ मध्ये स्टॅनफर्डच्या एका शोधनिबंधात दाखवलं गेलं की अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजन चुंबकात ठेवले तर तीन वेगवेगळे सिग्नल देतात, म्हणजे चुंबक आणि रेडिओ लहरी वापरून पदार्थ न फोडता आत कोणती रसायनं आहेत ते कळतं. त्या निबंधाच्या तीन लेखकांपैकी धर्मट्टी एक. पुढे त्यांनी भाभांच्या टीआयएफआरमध्ये या विषयाची प्रयोगशाळा उभी केली. आजचा एमआरआय याच तत्त्वावर चालतो. हे नाव पुढे परत येणार आहे.

ट्रॉम्बे आणि परळ

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, भाभा त्याचे अध्यक्ष. १९५४ मध्ये ट्रॉम्बेला अणुऊर्जेचं केंद्र सुरू झालं. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनकडून आलं, भट्टी आपल्या इंजिनिअरांनी बांधली. भट्टीत आयसोटोप तयार करता येतात, म्हणजे अणूंचे असे भाऊ जे किरणं सोडत राहतात. आयसोटोप शरीरात नेमके कुठे जातात हे बाहेरून मोजता येतं, म्हणून डॉक्टरांना ते हवे असतात.

इथे परत भाभांच्या आत्याकडे यावं लागतं. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं. १९६२ मध्ये ते हॉस्पिटल भाभांच्या अणुऊर्जा खात्याकडे आलं. कॅन्सर हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे का, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. उत्तर इथे आहे: किरणं आणि आयसोटोप ज्यांच्याकडे, त्यांच्या जवळच ती वापरणारे डॉक्टर हवेत. १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. आयसोटोप वापरून निदान आणि उपचार हेच त्याचं काम.

अणुबॉम्बच्या वादातही भाभांचं नाव येतं आणि ते खोटं नाही. तो कार्यक्रम कोणत्या दिशेने न्यायचा, यावर तेव्हाही मतभेद होते. पण त्याच खात्यातून परळचं सेंटरही निघालं, हे मामींना सांगायला मला बरं वाटलं.

माँ ब्लाँ

२४ जानेवारी १९६६. भाभा एअर इंडियाच्या बोइंग ७०७ विमानाने व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते. विमानाचं नाव कांचनजंगा. जिनिव्हाला उतरायच्या आधी ते आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा शपथविधी होता.

या अपघातावर व्हॉट्सॲपवर दर वर्षी नवीन कटाची गोष्ट फिरते. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा होता की वैमानिकाचा आपण नेमके कुठे आहोत याबद्दल गैरसमज झाला आणि डोंगर ओलांडला असं समजून विमान खाली आणलं. फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

१९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असं नाव दिलं. तेच आजचं बीएआरसी.

पॉझिट्रॉन दवाखान्यात कसा आला?

भाभा हयात असतानाच, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, बोस्टनच्या डॉक्टरांनी मेंदूतली गाठ शोधायला पॉझिट्रॉन सोडणारे आयसोटोप वापरून पाहिले होते. पण आजच्या अर्थाने पेट मशीन तयार व्हायला १९७० चं दशक उजाडलं. आणि १९७६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिल्यांदा माणसाला एफडीजी दिलं गेलं. मामांना दिलं तेच.

भारतात पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट मशीन आलं २००२ मध्ये, परळच्या त्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये.

एफडीजी: जीपीएस लावलेली साखर

हे समजावून सांगायला श्रीरामपूरपेक्षा चांगली जागा नाही. आमचा सगळा पट्टाच उसाचा.

समजा तालुक्यात दहा कारखाने आहेत आणि कुठे किती गाळप चालू आहे ते तुम्हाला आत न जाता काढायचंय. तुम्ही काही ट्रॉल्यांवर जीपीएस लावता. ज्या कारखान्याचं गाळप जोरात, तिथे जास्त ट्रॉल्या जाणार. पण ट्रॉली रिकामी होऊन लगेच परत निघाली तर मोजणी चुकते. मग एक युक्ती करा. ट्रॉली अशी बनवा की ती काट्यावर जाईल, गेटच्या आत जाईल, पण गव्हाणीत रिकामी होऊ शकणार नाही. ती यार्डातच अडकेल. आता फक्त कोणत्या यार्डात किती ट्रॉल्या अडकल्यात ते मोजा.

एफडीजी म्हणजे अशी ट्रॉली. ग्लुकोजच्या रेणूत एका जागी फ्लोरिन-१८ हा अणू बसवलेला असतो. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पहिली प्रक्रिया करते, पण पुढची पायरी होत नाही. रेणू पेशीतच अडकतो. फ्लोरिन-१८ तिथे बसून पॉझिट्रॉन सोडतो, पॉझिट्रॉन धडकत धडकत मंद होतो, इलेक्ट्रॉनला भेटून संपतो, दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना जातात. डोक्याभोवती डिटेक्टरचं गोल कडं असतं. समोरासमोरचे दोन डिटेक्टर काही नॅनोसेकंदांच्या आत एकदमच वाजले, तर घटना त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी घडली. अशा लाखो रेषा जमल्या की सॉफ्टवेअर त्यातून चित्र बनवतं. कुठे साखर जास्त जळतेय, कुठे कमी, ते रंगात दिसतं.

आपल्या मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण ऊर्जा तो जवळपास २० टक्के खातो. म्हणून मेंदूचं असं चित्र छान येतं.

मामींच्या भीतीचं उत्तरही यातच आहे. फ्लोरिन-१८ चा अर्धा भाग ११० मिनिटांत संपतो आणि त्याचा साधा, स्थिर ऑक्सिजन होतो. आम्हाला श्रीरामपूर ते पुणे गाडीने साधारण चार तास लागले होते. तेवढ्या वेळात पाव भागाहूनही थोडं कमी उरतं. दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत आठ-नऊ हजारांत एक भाग. किरणांचा डोस शून्य नसतो, म्हणून कारण असेल तेव्हाच हा स्कॅन करतात आणि नंतर काही तास लहान मुलं व गर्भवती स्त्रियांपासून लांब राहायला सांगतात. पण बॉम्ब वगैरे काही नाही.

एमएनडीमध्ये स्कॅनवर काय दिसतं?

हालचालीचा हुकूम मेंदूच्या वरच्या भागातल्या एका पट्ट्यातून निघतो. तिथल्या पेशी मज्जारज्जूतल्या दुसऱ्या पेशींना निरोप देतात आणि त्या स्नायूंना. एमएनडीमध्ये हे निरोप देणारे न्यूरॉन हळूहळू मरतात.

साध्या एमआरआयवर बऱ्याचदा विशेष काही दिसत नाही, कारण तो मुख्यतः रचना दाखवतो. इमारत उभी दिसते, आत दिवे चालू आहेत का ते कळत नाही. एफडीजी पेट दिवे दाखवतो. १९८० च्या दशकापासून अशा रुग्णांवर अभ्यास होतायत. २०१४ मध्ये इटलीतल्या ट्युरिनच्या आणि बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या गटांनी मोठे अभ्यास प्रसिद्ध केले. त्यांतून साधारण चित्र असं पुढे आलं:

- हालचालीच्या पट्ट्यात आणि मेंदूच्या पुढच्या भागात साखरेचा वापर कमी झालेला दिसतो. तिथले न्यूरॉन कमी झालेत किंवा मंदावलेत.
- मेंदूचा देठ आणि आणखी काही भागांत वापर उलट वाढलेला दिसतो. न्यूरॉन मरतात तिथे त्यांच्या मदतनीस पेशी, म्हणजे ग्लिया, चवताळून कामाला लागतात आणि त्याच ही साखर खात असाव्यात, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे.
- पुढच्या भागातली घट जास्त असेल तर विचार करण्यात किंवा स्वभावात बदल झालेला असू शकतो. एमएनडीच्या काही रुग्णांमध्ये असं होतं.

दुसरी पद्धत धर्मट्टींच्या कामाच्या नात्यातली: एमआर स्पेक्ट्रोस्कोपी. त्यात इंजेक्शनमधून आयसोटोप द्यावा लागत नाही. एमआरआय मशीनमध्येच मेंदूच्या एका ठरावीक तुकड्यातली रसायनं त्यांच्या सिग्नलवरून मोजतात. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट, थोडक्यात एनएए, हे रसायन मुख्यतः न्यूरॉनमध्ये असतं. एमएनडीमध्ये हालचालीच्या पट्ट्यात ते कमी भरतं. अल्कोहोलच्या तीन सिग्नलांपासून हा प्रवास इथपर्यंत आला.

स्कॅन काय सांगत नाही

हा भाग मनापासून वाचा, कारण घरात आजारी माणूस असला की आपण प्रत्येक मशीनमध्ये आशा शोधतो.

एमएनडीचं निदान आजही डॉक्टरांनी केलेली तपासणी आणि ईएमजी, म्हणजे स्नायू आणि नसांची विजेची चाचणी, यावर होतं. एमआरआय करतात तो मुख्यतः दुसरं काही नाही ना हे पाहायला. पेट स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. मामांचा केला कारण त्यांची चिडचिड अचानक वाढली होती, गोष्टी विसरत होते आणि मेंदूच्या पुढच्या भागावर परिणाम झालाय का ते डॉक्टरांना बघायचं होतं. इंटरनेटवर वाचून डॉक्टरांकडे स्कॅनचा हट्ट धरू नका, खर्चही बराच असतो.

आणि स्कॅनने आजार बरा होत नाही. रिलुझोल हे औषध १९९५ पासून आहे, ते आजाराचा वेग थोडा कमी करतं. बाकी फिजिओथेरपी, गिळता येईल असं अन्न, वजन टिकवणं, श्वासाला मदत. एमएनडीच्या बऱ्याच रुग्णांचं शरीर विश्रांतीतही जास्त ऊर्जा जाळतं, त्यामुळे वजन टिकवणं हे खरंच मोठं काम आहे. मामींनी डब्यातल्या तुपाचं प्रमाण वाढवलंय, डॉक्टरांना विचारूनच.

संशोधकांसाठी मात्र हे चित्र फार मोलाचं आहे. नवीन औषध काम करतंय का हे कळायला आज महिनोन् महिने हातापायाची ताकद मोजत बसावं लागतं. मेंदूतला बदल आधीच दिसला तर औषधांच्या चाचण्या लवकर आणि कमी रुग्णांवर करता येतील, असा प्रयत्न चालू आहे.

मामा

स्कॅनच्या दिवशी मामा सहा तास उपाशी होते. शुगर तपासली, इंजेक्शन दिलं, मग मंद उजेडाच्या खोलीत न बोलता, फोनशिवाय पडून राहायला सांगितलं. मेंदू शांत असावा म्हणून. त्यानंतर मशीनमध्ये वीसेक मिनिटं.

रिपोर्ट आला. हालचालीच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी वापर कमी. पुढचा भाग बऱ्यापैकी ठीक. डॉक्टर म्हणाले की चिडचिड बहुधा आजाराच्या धक्क्याने आणि झोप न लागल्याने असावी, त्यावर उपाय करता येतील. मामींनी तिथेच डोळे पुसले. आजार तोच राहिला होता, पण मामा मामाच राहणार आहेत एवढं त्यांना कळलं.

परतीच्या गाडीत मी मामांना भाभांची गोष्ट सांगितली. मेकॅनिकल सोडून फिजिक्सला गेला हे ऐकून फिटर माणूस हसला. ट्रॉलीचं उदाहरणही त्यांच्याशी बोलताना पक्कं झालं. यार्डात अडकलेल्या ट्रॉल्या मोजायचं काम त्यांनी कारखान्यात खरंच केलं होतं.

आता त्यांचं बोलणं समजायला वेळ लागतो, म्हणून ते फोनवर एका बोटाने टाइप करतात. राहुरीच्या पुढे आल्यावर त्यांनी मला स्क्रीन दाखवली. भाभांच्या हिशोबाचं साल विचारलं होतं. मी १९३५ सांगितलं. त्यांनी कॅल्क्युलेटर उघडला, वजाबाकी केली, नव्वदच्या आसपास आकडा आला. मग परत टाइप केलं: या आजाराचा हिशोब आत्ता कोण करतंय ते शोधून ठेव.

शोधतेय. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये एमएनडीचं काम चालतं, बाहेरही बऱ्याच ठिकाणी. जे नीट समजेल ते इथेच लिहीन. तुमच्या घरी कुणाला हा आजार असेल तर एकटे पडू नका, न्यूरॉलॉजिस्टला प्रश्न विचारा, सगळे प्रश्न आधी फोनमध्ये लिहून न्या. आम्ही तसंच करतो. मामांची यादी माझ्यापेक्षा मोठी असते.